कारणाचा रकाना

आमच्या प्रयोगशाळेत हेंपच्या, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या जवळजवळ नशा नसलेल्या जातीच्या, प्रत्येक रोपाची नोंद ठेवावी लागते. परवान्याची अटच आहे ती. बी रुजलं की नोंद, बरणी बदलली की नोंद, आणि रोप नष्ट केलं की तीन रकाने भरायचे: तारीख, संख्या, कारण. कारणाच्या रकान्यात सहसा 'बुरशी' असतं, नाहीतर 'सुकले'. हात सवयीने लिहून जातो. त्या दिवशी मात्र टेबलावर एक काचेची बरणी होती आणि तिच्यात एक पांढरंशुभ्र रोप. देठ पांढरं, बीजपत्रं पांढरी, नुकतं उलगडायला लागलेलं करवतीच्या कडेचं पहिलं पानही पांढरं. बरणी उजेडाकडे धरली की पानामागच्या बोटाची सावली पानातून दिसायची. या रोपाची आम्ही आठ महिने वाट पाहिली होती. ते आलं, त्याचे फोटो निघाले, पानाचा तुकडा डीएनए तपासणीला गेला, हवं होतं तेच उत्तर आलं. आता ते ऑटोक्लेव्हमध्ये जायचं होतं, १२१ अंशांच्या वाफेत. नव्याने आलेली मुलगी नोंदवही उघडून बसली होती. तारीख लिहून झाली, संख्येत '१' लिहून झाला. मग तिने मान वर केली. "मॅडम, कारण काय लिहू?"

"निरुपयोगी लिही," मी म्हटलं.

तिने लिहिलं. बरणी आत गेली, झाकण लागलं, दाबाचा काटा चढायला लागला. घरी पोचले, दिवे मालवले, तरी तो शब्द काही डोक्यातून जाईना. कारण ते रोप निरुपयोगी नव्हतं. आमच्या आठ महिन्यांच्या कामातलं सगळ्यात उपयोगी रोप तेच होतं. एखाद्या वनस्पतीत क्रिस्परची, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राची, कात्री चालते की नाही हे पाहायचं, तर आधी असं जनुक कापतात की कापलं गेल्याचं नुसत्या डोळ्यांना कळावं. फायटोईन डिसॅच्युरेज नावाचं एक एन्झाइम असतं. ते नसलं तर पानात पिवळी-केशरी रंगद्रव्यं तयार होत नाहीत. ही रंगद्रव्यं पानातल्या हिरव्या रंगावर छत्री धरून उभी असतात. छत्री गेली की ज्या उजेडावर झाड जगतं, तोच उजेड त्याचा हिरवेपणा जाळून टाकतो. रोप पांढरं पडतं. बरणीतल्या माध्यमात साखर असते, तिच्यावर ते काही आठवडे तग धरतं. बाहेर मातीत लावलं तर नाही. म्हणजे आम्हाला यश आलं याचा पहिला पुरावा म्हणून जे रोप हाती येतं, त्याला जगता येणार नाही हे आम्ही आधीच ठरवलेलं असतं.

हे ज्ञान मला नवं नव्हतं. तंबाखूच्या, टोमॅटोच्या अशा पांढऱ्या रोपांचे फोटो मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. पण हेंपच्या बाबतीत ते रोप दिसणं म्हणजे काय, हे ज्याने या झाडाबरोबर दिवस काढले त्यालाच कळेल. टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे बरणीत तुकड्यापासून रोप वाढवताना, हेंपइतकं हट्टी झाड मी पाहिलेलं नाही. पानाचा तुकडा ठेवा, देठाचा ठेवा, त्याची फिकट, ओलसर, ढिसूळ गाठ खुशाल वाढत राहते. चिमट्याने उचलायला गेलं तर चुरा होते. पण त्या गाठीतून कोंब काही फुटत नाही. संप्रेरकांची प्रमाणं बदला, अंधारात ठेवा, उजेडात ठेवा; गाठ तपकिरी पडते आणि थांबते. २००३ मध्ये कॅनडात हेंपच्या अशा गाठींमध्ये बाहेरचं जनुक घालून दाखवलं गेलं होतं. अॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू झाडाच्या पेशीत आपला डीएनए ढकलतो. ही त्याची मूळचीच खोड आहे, आपण फक्त त्याच्या पाठीवर आपलं ओझं लादतो. त्या प्रयोगात जनुक आत गेलं, गाठी वाढल्या, पण त्यातून अख्खं झाड उभं राहिलं नाही. पुढे २०२१ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी कोवळ्या भ्रूणाच्या देठापासून सुरुवात केली, झाडाला वाढीची दिशा देणारी जनुकं सोबत घातली, आणि तेव्हा कुठे हेंपची कापलेल्या जनुकाची पांढरी रोपं जगाला दिसली. मधे अठरा वर्षं गेली. तेवढ्या काळात भात, मका, सोयाबीन कुठल्या कुठे पोचले.

या झाडाशी माझी ओळख झाली ती मात्र बरणीतून नाही, सूक्ष्मदर्शकातून. शिकत होते तेव्हाची गोष्ट. मादी फुलाभोवतीचं एक इवलंसं सहपत्र काचेवर ठेवून कुणीतरी मला म्हणालं, बघ. खाली पाहिलं तर एक अख्खं रान. पारदर्शक देठांवर पारदर्शक गोळे, दाटीवाटीने, प्रत्येकावर दिव्याचा एकेक ठिपका. एकेक गोळा साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. मी सुईच्या टोकाने एकाला हलकेच स्पर्श केला आणि तो फुटला. आतलं चिकट द्रव्य सुईला लागून तारेसारखं ताणलं गेलं. तो उग्र वास दिवसभर बोटांना राहिला. साबणाने गेला नाही, स्पिरिटने थोडा गेला. त्या वासातला सगळ्यात बोचरा भाग गंधकाच्या संयुगांचा असतो हे खूप नंतर वाचनात आलं. तेव्हा फक्त इतकंच वाटलं होतं की या झाडाने स्वतःचं सगळं काही अंगाबाहेर मांडून ठेवलं आहे.

ते जवळजवळ खरंच निघालं. गोळ्याच्या तळाशी पेशींची एक चकती असते. ती कच्चा माल बनवते आणि वरच्या पोकळीत ढकलते. नशा आणणाऱ्या टीएचसी या द्रव्याचं आधीचं रूप म्हणजे टीएचसी आम्ल; ते बनवणारं एन्झाइमसुद्धा पेशीच्या आत काम करत नाही. त्याला त्या पोकळीत पाठवलेलं असतं. कारण ही द्रव्यं खुद्द हेंपच्या पेशींनाही मारक आहेत. शिवाय ती घडताना प्रत्येक रेणूमागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू बाहेर पडतो. म्हणून झाड शेवटचं काम घराबाहेर करतं, कातडीच्या पातळ पडद्याआड, जिथे त्याची एकही जिवंत पेशी नाही. आपण 'उत्पादन वाढवू' असं सहज म्हणून जातो. कच्च्या मालाचं जनुक जोरात चालवू, दुप्पट माल काढू. पण हा माल साठवायला झाडाने जी बाहेरची खोली बांधली आहे, ती आधी मोठी करावी लागते, नाहीतर तिची संख्या वाढवावी लागते. पेशीच्या आत हे सगळं भरायला गेलं तर पेशीच मरणार. इतकी वर्षं या झाडाबरोबर घालवून माझ्या मनात त्याच्याविषयी सगळ्यात जास्त आदर कशाचा असेल तर या बांधणीचा.

आणि सगळ्यात जास्त कुतूहल असेल तर त्याच्या एका फाट्याचं. हेंप असो की गांजाची जात, सगळ्यांचा रस्ता एका रेणूपर्यंत एकच असतो. सीबीजी आम्ल त्याचं नाव. तिथून एक एन्झाइम त्याला सीबीडीकडे नेतं, दुसरं टीएचसीकडे. एकाने माणसाला नशा येत नाही, दुसऱ्याने येते. ही दोन एन्झाइम्स मात्र सख्ख्या बहिणी आहेत. त्यांच्यातली सुमारे ८४ टक्के अमिनो आम्लं जशीच्या तशी जुळतात. आणि गंमत अशी नाही, अडचण अशी आहे की सीबीडी बनवणारी बहीण अधूनमधून टीएचसीही बनवते. मुद्दाम नव्हे, हातात धरलेला रेणू कधी वेगळ्या बाजूने दुमडला जातो, एवढंच. वीस-पंचवीस भाग सीबीडीमागे एखादा भाग टीएचसी. म्हणून एखाद्या हेंपच्या जातीतून टीएचसीचं जनुक पूर्ण काढून टाकलं तरी टीएचसी शून्य होत नाही. सीबीडी वाढवत नेलं की त्याच्या सावलीसारखं टीएचसीही वाढत जातं. फुलात सीबीडी दहा टक्क्यांच्या घरात गेलं, की टीएचसी ०.४ किंवा ०.५ टक्क्यांवर पोचणार. आणि रेघ आहे ०.३ टक्क्यांवर.

या रेघेविषयी मी शांतपणे बोलू शकत नाही. १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाचं वर्गीकरण लावताना ०.३ टक्के हा आकडा घेतला. तो आपण आपल्या सोयीने ठरवतो आहोत असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं. त्यांचा आकडा कोवळ्या पानांसाठी होता. अभ्यासकांनी कपाटातले नमुने दोन कप्प्यांत लावावेत म्हणून आखलेली ती रेघ पुढे एकेका देशाच्या कायद्यात जाऊन बसली. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यात तीच आहे आणि तिथे आज ती राळेने भरलेल्या शेंड्याच्या फुलांना लावली जाते. रेघेच्या खाली पीक, वर गुन्हा. ऊन जास्त पडलं, कापणी एक आठवडा लांबली, की उभं शेत रेघ ओलांडतं आणि सगळं नष्ट करावं लागतं. त्या शेताच्या कागदावरही कारणाचा रकाना असणार. आणि आज हेंपच्या जनुकांवर जे काम चाललंय, त्यातला मोठा वाटा झाडाला या रेघेखाली बसवण्यासाठी आहे. मीही त्यातलाच एक भाग करते. बहिणीबहिणींमधल्या नेमक्या कोणत्या अमिनो आम्लाने रेणू दुमडण्याची दिशा ठरते, तिथे बदल करून गळती थांबवता येईल का, हा प्रश्न मनापासून आवडण्याजोगा आहे. पण रात्री कधीतरी वाटतं की हे काम आपण झाडाच्या एका दोषावर करत नाही आहोत. झाडाला दोन वस्तू वेगळ्या आहेत हे माहीतच नव्हतं. दोन नावं आपण दिली.

आपल्या भाषेने या झाडाला नावं दिली ती निराळ्याच हिशोबाने. पानं ती भांग, मादीचे फुलोरे तो गांजा, राळ तो चरस. झाड एकच, नाव कुठला भाग हातात आहे यावरून. टीएचसीचं टीही ठाऊक नसलेल्या माणसांनी हातांना लागलेल्या चिकटपणावरून केलेली ही विभागणी, आणि सूक्ष्मदर्शकातल्या गोळ्यांची दाटी मोजत गेलं तर ती चढत्या क्रमाने बरोबर लागते. हेंपला मात्र मराठी शब्द शोधायला गेलं की पंचाईत होते. ताग म्हणावं तर ते झाड वेगळं, अंबाडी म्हणावी तर तीही वेगळीच. म्हणून मी हेंपच म्हणते. पण एक शब्द उलट्या दिशेने गेला, त्याचं मला फार अप्रूप आहे. १९६४ मध्ये टीएचसी वेगळं काढणारे राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये मेंदूतलाच एक रेणू सापडला. हे झाड ज्या कुलपात आपली किल्ली घालतं, त्या कुलपाची शरीराची स्वतःची किल्ली. तिचं नाव ठेवताना त्यांनी संस्कृतातला आनंद उचलला. आनंदामाइड. पहिल्यांदा ते नाव वाचलं तेव्हा मी पान उलटायची थांबले होते.

माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाला ड्राव्हे सिंड्रोम आहे. साध्या तापात फिट यायची, आणि आली की थांबायची नाही. तिच्या घरी भिंतीवर एक वही टांगलेली असे. तिच्यातही रकाने: तारीख, वेळ, किती मिनिटं. या आजारात बहुतेक मुलांच्या मेंदूतल्या सोडियमच्या दारांचं एक जनुक, एससीएन१ए, बिघडलेलं असतं. कित्येकदा एका अक्षराचा फरक असतो. २०१८ मध्ये झाडातून काढलेल्या शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, ती या आणि लेनॉक्स-गॅस्टॉट नावाच्या आजारासाठी. फिट पूर्ण थांबतात असं नाही, कमी होतात. तिच्या वहीत कोरी पानं दिसायला लागली तेव्हा ती ती पानं मला उलटून दाखवत होती, काहीही लिहिलेलं नाही, बघ. मग तिने विचारलं, "हे तुमच्या झाडांतून येतं का गं?" मी खरं ते सांगितलं. नाही. ते साध्या पद्धतीने निवडून तयार केलेल्या जातींतून येतं, त्यात कुणी जनुक कापलेलं नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही काय शोधताय?"

प्रश्नात टोमणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

मी तिला सांगितलं ते इथेही लिहिते, कारण मला ते पटलेलं आहे. सीबीडी भरपूर मिळतं, त्यासाठी कात्रीची गरज फारशी नाही. गरज आहे ती झाड चिमूटभरच बनवतं त्या द्रव्यांसाठी. टीएचसी, सीबीडी ज्यात मोडतात त्या कॅनाबिनॉइड वर्गातल्या शंभराहून जास्त संयुगांची या झाडात नोंद आहे, आणि त्यातली बहुतेक इतकी थोडी असतात की नीट तपासायला पुरेशी हाती येत नाहीत. किंवा त्या वर्गाबाहेरची, कॅनफ्लेव्हिन नावाची दोन द्रव्यं घ्या. ती दाह कमी करतात हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे, पण पानात त्यांचा अंश इतका कमी की औषधापर्यंत वाट पोचत नाही. ती कोणत्या जनुकांमुळे बनतात हे २०१९ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात उलगडलं. त्याच वर्षी अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात यीस्टमध्ये कॅनाबिनॉइड्सचा अख्खा रस्ता बसवला गेला, साखरेपासून थेट. लिटरमागे काही मिलिग्रॅम मिळाले, पण मिळाले. पुष्कळ लोक म्हणतात, मग झाड हवंच कशाला, टाक्या लावा. मला ते पटत नाही. टाकीला जे माहीत आहे ते आपणच तिला सांगितलेलं आहे, आणि आपल्याला जे माहीत आहे ते झाडाकडून आलेलं आहे. सीबीजीच्या फाट्यावर दोन्ही वाटा बंद केल्या तर माल कुठे तुंबतो, कोणती तिसरी वाट उघडते, हे झाडच दाखवतं. शिवाय झाडाची स्वतःची दुखणी आहेत. हॉप लेटंट व्हायरॉइड नावाचा जेमतेम २५६ अक्षरांचा आरएनएचा धागा झाडात शिरतो, वरून फारसं काही दिसत नाही, आणि फुलांवरचे गोळे छोटे व विरळ होऊन जातात. त्याच्याशी लढू शकणारं झाड घडवलं, तर ते झाडालाही उपयोगी आणि आपल्यालाही. माझ्या हातात असतं तर निम्मे हात त्या कामाला लावले असते.

झाडालाही उपयोगी. हे शब्द मी तिच्यासमोर बोलले आणि मलाच ते ऐकू आले. कारण हेंपने ही द्रव्यं बनवली ती आपल्यासाठी नव्हेत. २०२३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं की पानांत कॅनाबिनॉइड जितके जास्त, तितकं पानं कुरतडणाऱ्या अळ्यांनी कमी खाल्लं. त्याच वर्षी अमेरिकेच्या कृषी खात्याने विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या, टीएचसी आणि सीबीसी नावाचं आणखी एक कॅनाबिनॉइड कमी बनवणाऱ्या बदललेल्या हेंपबद्दल निर्णय दिला की त्याने इतर झाडांना कीड-रोगाचा जास्त धोका नाही. निर्णय योग्यच आहे असं मला वाटतं. पण हेंपचे पराग वाऱ्यावर जातात, कित्येक किलोमीटर जातात. आपण आपल्या रेघेसाठी केलेला बदल तिच्याबाहेर वाढणाऱ्या रानटी झाडापर्यंत पोचला, तर तिथल्या अळ्यांच्या दृष्टीने तो काय असेल, हा विचार मला सोडवत नाही. वंध्य, बी न धरणारी जात हा त्यावरचा एक उपाय आहे, आणि तो आधी व्हायला हवा, मागाहून नव्हे. या एका मुद्द्यावर मी बैठकीत आवाज चढवून बोललेली आहे.

परवा पुढच्या तुकडीच्या बरण्या पाहत होतो. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात ओळीने साठ बरण्या, आतून बाष्प धरलेल्या. बहुतेकांत तपकिरी गाठी. एकीत कोंब होता. मुलीने बरणी उचलली, बोटाने काचेवरचं धुकं पुसायला गेली, मग लक्षात आलं की ते आतून आहे. तिने बरणी थोडी तिरकी केली. थेंब ओघळले आणि पान दिसलं. मधल्या शिरेच्या एका बाजूला गडद हिरवं, दुसऱ्या बाजूला पांढरं, आणि जिथे दोन्ही मिळत होते तिथली कड सरळ नव्हती, हिरव्याची बोटं पांढऱ्यात शिरलेली होती. पेशी विभागायला लागल्यानंतर कात्री चालली की असं होतं. काही पेशी बदलतात, काही तशाच राहतात. प्रयोगाच्या दृष्टीने असं मिश्र रोप धरत नाहीत. त्याच्यावरून काहीच ठामपणे सांगता येत नाही. नियमाप्रमाणे ते तुकडीच्या शेवटी बाकीच्यांबरोबर जायला हवं. हिरवी बाजू मात्र पांढरीला पोसत होती, हे तिच्या ताठपणावरून कळत होतं.

नोंदवही उघडीच होती. वरच्याच पानावर तिच्या वळणदार अक्षरातलं 'निरुपयोगी'. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, तेव्हा ते तसंच राहणार.

"मॅडम, हे आजच्या यादीत घेऊ?"

मी बरणी तिच्या हातून घेतली आणि पुन्हा उजेडाकडे धरली. दुसरं पान अजून मिटलेलं होतं, त्याची कोणती बाजू कशी निघेल ते कळत नव्हतं. "माध्यम किती दिवसांचं आहे?" मी विचारलं. "एकवीस," ती म्हणाली. "मग बदलायला झालंय. नवीन बरणी घे, आणि नोंद कर." तिने ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली, तारीख लिहिली, रोपाचा क्रमांक लिहिला, आणि लॅमिनार, आमचं निर्जंतुक हवेचं टेबल, सुरू करायला गेली.